फरसबी मोडून बघू नये: आल्प्सच्या पायथ्याच्या बाजारगावात दोन आठवडे

आधीच सांगून टाकतो, गावाचं नाव मी लिहिणार नाही. मुलीने तशी तंबीच दिली आहे. "बाबा, ते गाव केवढंसं, त्यात आपण मराठी माणसं किती, आणि आजकाल कुणीही काहीही भाषांतर करून वाचतं," असं तिचं म्हणणं. प्रवासवर्णन लिहायचं आणि कुठे गेलो ते सांगायचं नाही, म्हणजे जेवायला बोलावून पान न मांडण्यातला प्रकार. पण मुलीपुढे माझं कधी चाललंय? तर एवढंच ऐका: म्युनिकहून दक्षिणेला, डोंगरांच्या दिशेने, साध्या गाडीने तासाभरावर. त्या पट्ट्यात अशी पुष्कळ बाजारगावं आहेत. त्यांतलं कुठलंही धरून चाला, माझ्या तक्रारी सगळीकडे लागू पडतील.

आमची केतकी तिथल्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि जावई अनिकेत रोज म्युनिकला नोकरीला जातो. सप्टेंबरात दोन आठवडे मी आणि सुलभाने तिकडे जायचं, हे उन्हाळ्यातच ठरलं होतं. निघायच्या दहाएक दिवस आधी केतकीचा फोन आला. त्यांच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला राहायला तोच फ्लॅट हवा होता. दिवाळीच्या आत घर खाली करायचं. त्या गावात भाड्याने घर मिळणं म्हणजे दगडातून तेल काढणं. गावाच्या कडेला एक घर होतं, वरचा मजला, बाल्कनीतून डोंगर. पण मागणारे बरेच होते आणि खालच्या मजल्यावर राहणारी मालकीणबाई माणसं पारखून घेणार होती. "तुम्ही येताय हे तिला कळलंय. म्हणाली, मग रविवारी सगळेच कॉफीला या," केतकी म्हणाली. "बाबा, प्लीज, तिथे नीट वागा हं."

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षं अधिकारी म्हणून काढली. नीट वागायला मला मुलीने शिकवावं, इथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

तयारीचं सांगतो, कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल. व्हिसासाठी बीकेसीला खेपा घाला, बँकेची पानं जोडा, आणि तिथल्या मुलीने "सर, फोटोत कान दिसत नाहीत" म्हटलं की निमूटपणे पुन्हा फोटो काढा. थंडीचं जाकीट मात्र उल्हासनगरला घेऊ नका. कॅम्प दोनच्या बाजारात दुकानदाराने मला एक निळं जाकीट चढवलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "साईं, आल्प्स क्या, ये पहनके हिमालय चले जाओ. पसीना छूटेगा आपको." घाम सुटला खरा, पण म्युनिकच्या विमानतळावर, चेन अर्ध्यात अडकल्यावर. पुढचे दोन आठवडे मी ते जाकीट सदऱ्यासारखं डोक्यातून घालत आणि काढत होतो.

निघायच्या दिवशी आणखी एक भानगड माझ्यामागे होती. पालेगावला नव्या टॉवरमध्ये आमचा एक फ्लॅट आहे, निवृत्तीनंतर घेतलेला. वर्षभर रिकामा. तो भाड्याने द्यायचं काम उल्हासनगरचे एजंट हरेशभाई बघतात. आम्ही गाडीत बसून काटई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो आणि यांचा फोन. "साहेब, पार्टी एकदम सॉलिड है. लडका आपके ही एमआयडीसी में सुपरवायझर, वाईफ नर्स. बोलो तो टोकन लेता हूँ." मी म्हटलं, थांबा, मला काही गोष्टी विचारायच्या आहेत, तिकडे पोचल्यावर कळवतो. घाईघाईत कुणाच्या हाती घर देणारा माणूस मी नव्हे.

मंगळवारी सकाळी म्युनिकला उतरलो. तिथून गाडीत बसलो, तर बराच वेळ नुसती सपाट कुरणं, गाई आणि कांद्यासारखा घुमट असलेली देवळं. मग समोर काहीतरी राखाडी दिसायला लागलं. मला वाटलं ढग. सुलभा म्हणाली, "अहो, डोंगर आहेत ते." आपल्याकडे कल्याणहून येताना मलंगगड दिसतो, तसे मलंगगडाचे सगळे भाऊबंद एका रांगेत येऊन उभे राहावेत, तसं ते दृश्य होतं. मी मान्य करतो, त्या क्षणी मला तक्रार सुचली नाही. तेवढ्यात तिकीट तपासनीस आला आणि अनिकेतने काढून दिलेल्या महिन्याच्या पासवर मी सही केली नाही म्हणून मला उभ्या उभ्या समज देऊन गेला. (हा पास जरूर काढा, सगळ्या साध्या गाड्यांना आणि बसना चालतो. पण सही करा.)

बुधवारी केतकीला सुट्टी होती. तिने आम्हाला गाव दाखवायला काढलं. आता भूगोल ऐका, कारण मला तो चौकाचौकात उभं करून ऐकवण्यात आला. अख्खं गाव एका लांबट टेकाडावर बसलंय. हे टेकाड म्हणे फार पूर्वी हिमनदीने पुढे ढकलत आणलेल्या दगडमातीचं. टेकाडाच्या एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला नजर पोचेल तिथवर दलदल, आणि दलदल संपली की मधे काही नाही, एकदम डोंगर. इटलीहून खिंडी ओलांडून आलेल्या बैलगाड्या आणि घोडागाड्यांना दलदलीतून जाता येईना आणि तळ्यातूनही येईना. म्हणजे झक मारत या टेकाडावर चढायला लागायचं. एवढ्या एका गोष्टीवर हे गाव शेकडो वर्षं जेवलं. दक्षिणेकडून दारू आणि फळं यायची, उत्तरेकडून धान्य आणि मीठ. परगावच्या गाडीवानाला गावातून तसंच पुढे जायची मुभा नव्हती. माल इथे उतरवायचा आणि पुढचा टप्पा इथल्याच गाडीवानाने न्यायचा, असा वहिवाटीचा हक्क.

"म्हणजे रिक्षा युनियन," मी म्हणालो.

"बाबा!"

"अगं, चुकीचं काय बोललो? स्टेशनच्या पूर्वेची रिक्षा पश्चिमेला प्रवासी भरू देत नाही, तसंच की."

तर म्हणून बाजाराचा रस्ता हा असा रुंद, गाड्या वळवता याव्यात इतका. घरांना हत्ती जाईल अशा कमानी, कारण गाडी मालासकट आत न्यायची. बाजार भरवायचा हक्कही कुण्या सरदाराने लिहून दिलेला आणि तो कागद म्हणे अजून जपून ठेवलाय. गाव दोनदा आगीत जळलं, दोन्ही वेळा पुन्हा बांधलं, पण बाजाराची जागा एक हातभरही सरकवली नाही. प्रत्येक कोपऱ्यावर हे सगळं सांगणारा फलक. मला राहून राहून चीड येत होती, ती फलकांची नव्हे. बदलापूरला पूर्वी घोडे बदलायचे, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. तेही डोंगराच्या पायथ्याचं, नदीकाठचं, वाटेवरचं गाव. तिथे कुठे आहे फलक? हजारेक वर्षांचं शिवमंदिर आमच्या उशाशी आहे आणि त्याच्या शेजारून वाहणारी वालधुनी आम्ही नाक दाबून ओलांडतो. मी हे मोठ्याने बोलत होतो. सुलभा म्हणाली, "तुम्हाला इथलं बघायचंय की तिथलं भांडायचंय?"

एक गोष्ट मात्र माझ्याही डोळ्यांत भरली. बाजाररस्त्यावर घरं चित्रासारखी, निळी-पिवळी-गुलाबी, खिडक्यांत लाल फुलं लोंबतायत, पण निम्म्या घरांच्या झडपा बंद. मी विचारलं, सगळे कुठे गावाला गेलेत का? केतकी म्हणाली, "शहरातल्या पैसेवाल्यांनी घेऊन ठेवलीत. सुट्टीला येतात, चार दिवस राहतात. फुलांना पाणी घालायला माणूस ठेवलेला असतो. म्हणून तर आम्हाला घर मिळत नाही." पालेगावच्या आमच्या टॉवरमध्येही संध्याकाळी थोड्याच खिडक्यांत दिवे लागतात. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या घरांचं असंच असतं. त्यातली एक खिडकी माझी, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

गुरुवार हा आठवड्याच्या बाजाराचा दिवस. (रोख पैसे न्या, कार्डाचा उपयोग नाही.) मी खूश होतो. व्हिसा, सही, फलक यांतून सुटून अखेर माझ्या अंगणात आलो होतो. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनाबाहेर रोज सकाळी भाजी मी घेतो. सुलभाला कधी जाऊ दिलेलं नाही. वांगं उचलून वजनाला हलकं आहे का बघायचं, भेंडीचं शेपूट मोडायचं, फरसबी वाकवायची, कट्‌कन मोडली तर ताजी, वाकून राहिली तर कालची. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा हा व्यवहार. यात भाजीवालीही मान हलवत असते आणि शेवटी चार काड्या कोथिंबीर वर टाकते.

केतकी ब्रेडच्या रांगेत उभी होती. मी एका टपरीशी गेलो. टोपल्यांत बटाटे, कोबी आणि काय सुरेख हिरवी फरसबी! भोवती चार-पाच पर्यटक त्या टोपल्यांचे फोटो काढत होते. मी मधे घुसलो आणि फरसबी उचलली. कट्‌. उत्तम. खालची बघितली. कट्‌. मधलीही बघायला नको का? वरवरचा माल चांगला ठेवायची खोड सगळ्या जगात असते. मी आपला मोडून मोडून एका बाजूला ठेवत होतो, तर समोरून अशी एक आरोळी आली की फोटो काढणारे मागे सरले.

टपरीमागे सत्तरीच्या पुढची, उंच, लाल गालांची, कमरेला निळं फडकं बांधलेली बाई उभी होती. ती माझ्या हाताकडे बोट करून बोलत होती. मला शब्द एक कळला नाही, अर्थ सगळा कळला. तेवढ्यात केतकी धावत आली आणि त्या बाईला बघून तिच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

"बाबा, काय केलंत हे?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "इथे हात लावत नाहीत. मागायचं असतं, त्या देतात. आणि या... बाबा, याच आहेत त्या. रविवारच्या."

बाईने माझ्या मोडलेल्या सगळ्या शेंगा गोळा केल्या, तागडीत टाकल्या आणि पुडी बांधून माझ्यापुढे ठेवली. केतकीने भाषांतर केलं, "म्हणतायत, मोडलंय ते न्यायचं." मी न्यायला तयारच होतो, फरसबी फर्स्टक्लास होती. पण वर कोथिंबीर मागायचं धाडस माझ्याने झालं नाही.

संध्याकाळी त्याच फरसबीची भाजी झाली, ओलं खोबरं नव्हतं म्हणून सुकं घालून. केतकी जेवली नाही. "चार वर्षं मी इथे जपून वागतेय," ती म्हणाली. "रविवारी व्हॅक्यूम लावत नाही, फोडणी देताना खिडकी उघडायची की लावायची हा विचार करते. आणि तुम्ही दोन दिवसांत..." मला तिचा राग आला आणि माझाही आला. शेंगा मोडल्याबद्दल एवढं काय? असं म्हणून मी तावातावाने झोपायला गेलो, पण झोप काही लागली नाही.

शनिवारी दलदलीतून फिरायला गेलो. लाकडी फळ्यांची वाट आहे, दोन-अडीच तासांची, तिकीट नाही, चपला घालून जाऊ नका. गवत आताच तांबूस व्हायला लागलं होतं. मधे मधे झाडीने भरलेले उंचवटे होते. त्यातल्या एकाला पूर्वी खडीसाठी फोडत, आता बंद केलंय, असं केतकीने सांगितलं. मला आमच्या बाजूचे अर्धे खाल्लेले डोंगर आठवले आणि पुन्हा डोकं तापलं. त्याच वेळी हरेशभाईंचा फोन आला. पार्टी घाई करत होती. चालता चालता लिहिता येत नाही, म्हणून मी आवाजी निरोपच धाडला, खणखणीत आवाजात, फोनला ऐकू जावं म्हणून.

"हरेशभाई, उनको ये सब पूछो. घरात एकूण माणसं किती? जेवणात मासे-बिसे असतात का, कारण नवीन फ्लॅट आहे, वास बसतो. गाववाले येऊन राहणार का? त्या मुलाचे आईवडील कितीदा येणार आणि आले की किती दिवस मुक्काम? हे पक्कं विचारून घ्या, नंतर मला कटकट नको."

निरोप गेला. सुलभा माझ्याकडे बघत होती. केतकी चार पावलं पुढे होती. ती वळली.

"बाबा, आम्हीपण मासे खातो," ती म्हणाली आणि पुन्हा चालू लागली.

मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? फळ्यांवर आमच्या बुटांचा आवाज तेवढा होत राहिला.

रविवारी गाव म्हणजे चिडीचूप. दूध, ब्रेड, औषध, जे काय हवं ते शनिवारीच आणून ठेवा, हे मी पोटतिडकीने सांगतो. दुपारी आम्ही चौघं त्या घरी गेलो. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून सुलभाने डब्यात नारळाच्या वड्या घेतल्या होत्या. मालकीणबाईंनी दार उघडलं, माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. आणि दोन्ही हात मी पाठीमागे नेले.

कॉफी झाली, केक झाला. मग प्रश्न सुरू झाले. केतकी उत्तरं देत होती आणि अधूनमधून आम्हाला सांगत होती. घरात माणसं किती राहणार? स्वयंपाकात तळण किती वेळा होतं, कारण वास लाकडात बसतो. जिना कोण झाडणार? पाहुणे किती येतात? मी हाताच्या मुठी आवळून बसलो होतो. शिकलेली, कमावती मुलगी माझी, लोकांची मोडलेली हाडं पुन्हा चालती करते, आणि तिला ही बाई तळणाचा हिशोब विचारते! मग बाईंनी आमच्याकडे मान वळवून एक प्रश्न विचारला. केतकीने कप खाली ठेवला.

"काय म्हणाल्या?" सुलभाने विचारलं.

"आईवडील कितीदा येतात आणि किती दिवस राहतात, असं विचारतायत."

आणि आम्ही काही बोलायच्या आत तिनेच उत्तर दिलं. जर्मनमधले आकडे तेवढे मी शिकलो होतो. वर्षातून एकदा, दोन आठवडे. पुढच्या वर्षी तीन महिने यायचं सुलभाने ठरवलं होतं, त्यासाठी तिने भिशीतून अंगही काढून घेतलं होतं. ती डब्याच्या झाकणाकडे बघत राहिली. मला त्या बाईचा संताप आला, मुलीचाही आला, आणि मग फळ्यांच्या वाटेवरचा माझाच खणखणीत आवाज कानात वाजला. लाज वाटली. साधी, सरळ लाज.

वरचा मजला बघायला गेलो तेव्हा मी ठरवलं होतं, कशाला हात लावायचा नाही. पण सवयीला औषध नाही. मोरीचा नळ सोडून पाहिला, खिडकी दोनदा उघडून लावली, आणि उत्तरेच्या खोलीत कोपऱ्यातल्या भिंतीवर बोटं टेकली. गार आणि मऊ. बोटाच्या गाठीने ठोकलं तर आवाज बद्द. पावसाळे काढलेत आम्ही, मला ओल सांगावी लागत नाही. "ओल आहे इथे," मी म्हणालो. केतकीने डोळे मिटून घेतले. बाईंनी विचारलं, काय म्हणतायत? केतकीला सांगावं लागलं. बाईंनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "कळवते" एवढंच म्हणून आम्हाला दारापर्यंत सोडलं. वड्यांचा डबा मात्र ठेवून घेतला.

पुढचे तीन दिवस कसे गेले विचारू नका. रोपवेच्या पाळण्याने डोंगरावर गेलो, एवढं महागडं तिकीट काढून ढगात उभे राहिलो, परत आलो. कॉफी चार-साडेचार युरो, बाटलीबंद पाणी मागाल तर तितकंच, म्हणून नळाचं पाणी भरून न्या, चवीला उत्तम आहे. केतकीचा फोन वाजला की आम्ही तिघं दचकायचो. तिने अजून एक घर पाहून ठेवलं होतं, पण ते दवाखान्यापासून दोन गाड्या बदलून. ती माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं.

चौथ्या दिवशी पुन्हा गुरुवार. मी बाजाराला येत नाही म्हणालो. सुलभाने ऐकलं नाही. टपरीपासून दोन हात लांब उभा राहिलो तर बाईंनीच बोटाने खूण केली, इकडे या. फरसबीची आख्खी टोपली त्यांनी माझ्यासमोर सरकवली.

"मोडा म्हणतायत," केतकी म्हणाली. तिचाही आवाज बावरलेला होता.

मी एक उचलली. कट्‌. बाईंनी मान हलवली, थेट आमच्या स्टेशनाबाहेरच्या भाजीवालीसारखी. मग त्या बोलू लागल्या आणि केतकी तुकड्या-तुकड्याने सांगत गेली.

"म्हणतायत, माझ्या आईच्या वेळी सगळे हात लावून, भांडून घ्यायचे. मलाच तेव्हा राग यायचा. आता दिवसभर माणसं येतात, भाजीचे फोटो काढतात आणि जेवायला हॉटेलात जातात... म्हणतायत, मोडून कोण बघतो? ज्याला घरी नेऊन शिजवायचंय तो. वरचा मजला मागायला आठ जण आले. सगळ्यांनी बाल्कनीतून डोंगर पाहिला. भिंतीला हात कुणीच लावला नाही... म्हणतायत, मला हिवाळ्यात वर दिवा दिसायला हवा." केतकीने नाक पुसलं. "आणि ती ओल, त्या म्हणतात, मी तीस वर्षं नवऱ्याला सांगत होते. त्याने शेवटपर्यंत कबूल केलं नाही. महिनाअखेर दुरुस्त करून देते, एक तारखेला किल्ली घ्या."

केतकी तिथेच, भर बाजारात, माझ्या त्या चेन अडकलेल्या जाकिटावर डोकं ठेवून रडली. मी काय करणार? माझ्या हातात मोडलेली शेंग होती, ती मी धरून उभा राहिलो. निघताना बाईंनी सुलभाला डबा परत केला. आत बटाटे होते, आणि वर चार काड्या पार्सली, म्हणजे त्यांची कोथिंबीर.

अंबरनाथला परतलो त्याला आता दोन महिने झाले. जाकीट उल्हासनगरला परत न्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "साईं, पहाड पे किसने बोला था पहनने को?" त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाकी तिथलं काय राहिलं म्हणाल, तर डोंगर डोळ्यांसमोर येतात अधूनमधून, पण बंद झडपा जास्त वेळा येतात.

आल्याच्या पहिल्या रविवारी हरेशभाईंबरोबर पालेगावला गेलो. तो सुपरवायझर मुलगा आला होता, त्याची नर्स बायको आली होती, आणि मुलाचे वडील मुरबाडच्या बाजूच्या गावाहून मुद्दाम आले होते. धुवट पांढरा पायजमा-सदरा, हातात पिशवी. दार उघडताच ते आत शिरले. मोरीचा नळ सोडला. खिडकी दोनदा उघडून लावली. मग बेडरूमच्या कोपऱ्यात जाऊन बोटाच्या गाठीने भिंत ठोकायला लागले.

"चाचा, हाथ मत लगाओ, नया पेंट है," हरेशभाई ओरडले.

"लावू द्या," मी म्हणालो.

"इथं वल धरनार, सायेब," ते भिंतीवरून हात फिरवत म्हणाले. "पावसाचा मारा ह्याच अंगाला हाय."

माझ्या नव्याकोऱ्या फ्लॅटला ओल! कपाळाची शीर उडायला लागली होती, ते खोटं कशाला बोलू? पण मीही जाऊन हात लावून पाहिला. गार होती भिंत. म्हटलं, बरोबर आहे तुमचं, पावसाळ्याआधी करून देतो. हरेशभाई माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असणार, जर्मनीत साहेबांना काहीतरी झालं.

किल्ली देताना वडील पुढे आले. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. मुलगा त्यांना "आबा, नको" म्हणत होता, पण ते थांबले नाहीत.

"सायेब, एजंट बोल्ला, तुमी इचारलं व्हतं, आईबाप कितीदा येनार म्हून. ह्याची आय आजारी असती. दवाखान्यासाटी यावं लागंल. पन दोन दिसाच्या वर नाय ऱ्हानार आमी. चालंल ना?"

सून खाली बघत होती. मुलाने मान वळवली होती. तिकडे मालकीणबाईंच्या घरी सुलभा डब्याच्या झाकणाकडे जशी बघत होती, तसे ते म्हातारबा माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत होते.

"मला कशाला विचारता?" मी म्हणालो. "मुलाचं घर आहे तुमच्या. राहा हवे तितके दिवस."

आणि किल्ली मी मुलाच्या नाही, त्यांच्या हातात दिली.